सिकलसेल : एका अक्षराचा फरक आणि कारणांची साखळी

राजगृहातील वेळुवनात मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाने तथागतांना एक प्रश्न विचारल्याची हकीकत संयुत्तनिकायात आली आहे. माणूस जे काही सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्माचेच फळ होय, असे काही श्रमण-ब्राह्मण सांगतात. यावर आपले म्हणणे काय, असा तो प्रश्न होता. तथागतांनी पित्त, कफ, वात, या तिन्हींचा एकत्रित प्रकोप, ऋतुपालट, आहारविहारातील विषमता, बाहेरून झालेला आघात आणि कर्मविपाक अशी आठ कारणे मोजून दाखविली. सर्वच वेदना पूर्वकर्माच्या माथी मारणारे लोक स्वतःच्या अनुभवाच्या आणि जगाला ठाऊक असलेल्या सत्याच्याही पलीकडे जातात, असे त्यांनी स्पष्ट केले.

या सुत्ताची आठवण आम्हांला वारंवार होते ती विदर्भातील घराघरांत ऐकू येणाऱ्या एका प्रश्नामुळे. त्रिसरण-पंचशील घेतलेली, पौर्णिमेला न चुकता विहारात येणारी एखादी उपासिका आजारी मुलाला मांडीवर घेऊन हळूच विचारते, "भंतेजी, माह्या लेकरानं असं काय पाप केलं असन?" मुलाला सिकलसेल असतो. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातील बौद्ध, गोंड, माडिया, परधान आणि अन्य अनेक समाजांना, तसेच नंदुरबारकडील भिल्ल व पावरा यांना हा शब्द नवा नाही. महाराष्ट्रातील आदिवासी जमातींत झालेल्या पाहण्यांत सिकल हिमोग्लोबिनचे प्रमाण काही जमातींत शून्य, तर काहींत ३५ टक्क्यांपर्यंत आढळले आहे. नागपूरचे संपत रामटेके यांनी या रुग्णांसाठी संघटना उभारून आयुष्य वेचले. २०१८ साली त्यांच्या नावे पद्मश्री जाहीर झाली. आजार ओळखीचा आहे, परंतु त्याची कारणे मात्र घरापर्यंत पोहोचलेली नाहीत. ती मांडण्याचा प्रयत्न आम्ही येथे करीत आहोत.

रक्तातील तांबड्या पेशी गोल आणि लवचीक असतात. केसाहून बारीक वाहिन्यांतून त्या अंग दुमडून सहज निघून जातात. पेशीतील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. सिकलसेलच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन प्राणवायू सोडून दिल्यावर एकमेकांस चिकटते, त्याचे ताठ दांडे बनतात आणि पेशीला विळ्याचा आकार येतो. अशा पेशी वाहिन्यांत अडकतात. पुढे रक्त जात नाही, आणि मग हातपाय, पाठ, छाती यांत असह्य वेदना उठतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर ही १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून रुग्ण सतत पांढुरका दिसतो आणि डोळे पिवळसर होतात. थंडी, ताप, अतिश्रम, अंगातील पाणी कमी होणे, यांपैकी काहीही वेदनेच्या झटक्याला निमित्त होते.

या आजाराची पहिली शास्त्रीय नोंद शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली प्रसिद्ध केली. रुग्ण होता ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकी शिकण्यास आलेला एक कृष्णवर्णीय विद्यार्थी. पुढे कित्येक दशके अमेरिकेतील वैद्यकीय लिखाणात या आजाराला 'निग्रो रक्ता'चा आजार मानण्यात आले. जणू रक्तच हीन होते! १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. त्यानंतर १९५६-५७ मध्ये केंब्रिज येथे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी त्या रेणूची उकल केली. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ दुवे असतात; त्यांतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलेले असते. जनुकाच्या भाषेत सांगायचे तर सुमारे ३०० कोटी अक्षरांच्या लिखाणात एक अक्षर बदललेले असते. बाकी सारे लिखाण आमचे-तुमचे, राजाचे-रंकाचे सारखेच.

हे बदललेले अक्षर टिकले कसे, हा प्रश्न आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्या जनुकाने मुले दगावतात ते पिढ्यान्‌पिढ्या कमी होत नाहीसे व्हावयास हवे होते. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून याचे उत्तर दिले. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच हे जनुक मिळालेल्या माणसाला आपण वाहक म्हणतो. वाहकाला सहसा आजार होत नाही. उलट बालपणी घातक मलेरियापासून त्याचे बऱ्याच अंशी रक्षण होते. जेथे मलेरियाने मुले मरत, तेथे वाहक मुले वाचली, मोठी झाली आणि त्यांना मुले झाली. म्हणूनच आफ्रिका, अरबस्तान, ग्रीस, सिसिली आणि भारत येथील जुन्या मलेरियाचा नकाशा व सिकल जनुकाचा नकाशा पुष्कळसे एकमेकांवर बसतात. पूर्व विदर्भातील जंगले आणि डासांची पैदास ज्याने पाहिली आहे त्याला हे वेगळे पटवून देण्याची गरज नाही. जातीच्या उच्च-नीचतेशी या जनुकाचा काडीचाही संबंध नाही. संबंध आहे तो डासाशी आणि रानाशी. २०१८ साली श्राइनर व रोटिमी या संशोधकांनी संपूर्ण जनुकसंचाच्या तुलनेवरून असा निष्कर्ष काढला की हा बदल सुमारे ७,३०० वर्षांपूर्वी एकदाच घडला आणि तेथून पसरला. रक्तशुद्धीचा अभिमान वाहणाऱ्यांनी याचा विचार करावा. येथे एक सावधगिरी मात्र हवी. संरक्षण आहे ते वाहकाला. दोन्हीकडून जनुक मिळालेल्या रुग्णाला मलेरिया झाल्यास तो अतिशय धोक्याचा ठरतो.

वेदना दिसते, म्हणून तिची दखल घेतली जाते. मेंदूवरील आघात पुष्कळदा दिसतच नाही. विळ्याच्या आकाराच्या पेशींमुळे मेंदूच्या वाहिन्या अरुंद होतात आणि लहान मुलांनाही पक्षाघात होतो. त्याहून अधिक मुलांच्या मेंदूत बारीक भाग रक्ताविना मृत होतात, आणि बाहेरून कोणतेही लक्षण उमटत नाही. अशा मुलाचे लक्ष टिकत नाही, पाढे विसरतात, लिहिताना मागे पडते. शाळेत त्याला 'मठ्ठ' म्हटले जाते, घरी 'आळशी'. ज्या समाजाने शिक्षणासाठी एवढा झगडा केला, त्याच्या मुलाच्या पाटीवर ही पुसट जखम उमटत असेल आणि आपण त्याला छडी दाखवीत असू, तर हे फार दुःखद आहे. डोक्याच्या बाजूने ध्वनिलहरी सोडून मेंदूतील रक्ताचा वेग मोजता येतो. वेग धोक्याच्या पातळीवर असलेल्या मुलांना नियमित रक्त दिल्यास पहिला पक्षाघात ९० टक्क्यांहून अधिक टळतो, हे अमेरिकेतील १९९८ च्या चाचणीने सिद्ध केले. तपासणीला सुई लागत नाही, चिरफाड लागत नाही. परंतु यंत्र आणि ते चालविणारा माणूस लागतो, आणि तालुक्याच्या गावी बहुधा दोन्ही नसतात.

आता उपचारांकडे वळू. न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांच्या १९४८ साली एक गोष्ट ध्यानात आली : हे जनुक घेऊन जन्मलेली बालके पहिले काही महिने ठणठणीत असतात. गर्भातील बाळाचे हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचे असते आणि ते चिकटत नाही. जन्मानंतर शरीर ते बनविणे हळूहळू थांबविते व प्रौढ हिमोग्लोबिन बनवू लागते. आजार तेथून सुरू होतो. मग गर्भातील हिमोग्लोबिन पुन्हा जागे करता आले तर? या एका प्रश्नातून दोन वाटा निघाल्या.

पहिली वाट हायड्रॉक्सियुरिया या गोळीची. हे मुळात कर्करोगाचे औषध. त्याने गर्भ-हिमोग्लोबिन वाढते असे दिसून आले, आणि १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वेदनेचे झटके सुमारे ४४ टक्क्यांनी कमी झाले. २०१९ साली अंगोला, काँगो, केनिया व युगांडा या चार देशांतील सहाशेहून अधिक मुलांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. मलेरियाच्या मुलखात ही गोळी धोक्याची ठरेल अशी भीती होती. प्रत्यक्षात वेदना, मलेरिया आणि मृत्यू तिन्ही घटले. गोळी जुनी आहे, स्वस्त आहे, भारतात बनते.

दुसरी वाट जनुक-अभियांत्रिकीची. गर्भ-हिमोग्लोबिनला झोपविणारा पहारेकरी कोण, याचा शोध २००८ च्या सुमारास लागला. बीसीएल११ए असे त्या जनुकाचे नाव आहे. इकडे २०१२ साली एमान्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना यांनी जिवाणूंच्या विषाणूविरोधी यंत्रणेपासून क्रिस्पर नावाची जनुके कापण्याची कात्री तयार केली. २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. रुग्णाच्या अस्थिमज्जेतील मूळ पेशी बाहेर काढावयाच्या, त्या कात्रीने पहारेकऱ्याला तांबड्या पेशींपुरते निकामी करावयाचे आणि पेशी परत रुग्णाला द्यावयाच्या, असा हा उपचार आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने व डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने त्यास मान्यता दिली. पुरेसा काळ पाहणीत राहिलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग वर्षभर एकही तीव्र झटका आला नाही. ज्यांनी मुलाला रात्रभर कण्हताना ऐकले आहे, त्यांना या आकड्याची थोरवी सांगावी लागणार नाही.

परंतु अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर ठरली. त्या वेळच्या हिशेबाने सुमारे १८ कोटी रुपये. शिवाय नव्या पेशींना जागा करून देण्यासाठी जुनी अस्थिमज्जा तीव्र औषधांनी नष्ट करावी लागते, आठवडेच्या आठवडे रुग्णालयात राहावे लागते, मूल होण्याची क्षमता जाण्याचा धोका असतो. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या शासकीय संस्थेने क्रिस्परवर आधारित स्वदेशी उपचारपद्धती विकसित केली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती 'बिरसा १०१' या नावाने जाहीर झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी तिचा करारही झाला. बिरसा मुंडांचे नाव दिले हे चांगलेच झाले. त्यांच्या वंशजांच्या पाड्यापर्यंत ती कोणत्या दराने पोहोचते, हे पाहावयाचे आहे. आमचे मत असे की या बातमीच्या झगमगाटात गोळीची वाट विसरली जाऊ नये. दोन्ही वाटांचे मूळ तत्त्व एकच आहे, आणि एक वाट आजच खुली आहे.

त्याहूनही साधी एक गोष्ट. या मुलांची प्लीहा लवकर निकामी होते आणि साध्या जंतुसंसर्गाने ती दगावतात. पेनिसिलिन नियमित दिल्यास न्यूमोकोकसचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटतो, हे १९८६ पासून ठाऊक आहे. पण त्यासाठी बाळ जन्मताच तपासले गेले पाहिजे. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने ४० वर्षांखालील सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले असून तिचा भर आदिवासीबहुल जिल्ह्यांवर आहे. तो योग्यच आहे. मात्र शहरांतील वस्त्यांत राहणाऱ्या बौद्ध कुटुंबांनी तपासणी पथक दारी येण्याची वाट पाहत बसू नये.

राहिला विवाहाचा प्रश्न. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भाच्या वेळी मूल रुग्ण होण्याची शक्यता चारांत एक असते. याचा अर्थ 'एक आजारी झाले, आता पुढची तीन सुरक्षित' असा लावला जातो. तो साफ चुकीचा आहे. प्रत्येक वेळी नाणे नव्याने उडते. वाहक आणि वाहक नसलेली व्यक्ती यांच्या विवाहात सिकलसेलचा रुग्ण सहसा जन्मत नाही, मग जात कोणतीही असो. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म अंतर्विवाहात आहे हे दाखविले होते. त्याच अंतर्विवाहाच्या भिंतींनी हे जनुक ठराविक समाजांत कोंडून ठेवले. आंतरजातीय विवाहाने ती कोंडी सैल होते. तथापि वाहक इतर समाजांतही आहेत, त्यामुळे तपासणीला पर्याय नाही. वधूवर मेळाव्यांत आम्ही काय पाहतो? पत्रिका टाकून दिली, हे अभिमानाने सांगितले जाते. तपासणीचे कार्ड मात्र कपाटात दडविले जाते, आणि पुढे मूल आजारी निघाले की बोल लागतो तो सुनेला. जनुक दोघांकडून आल्याशिवाय हा आजार होतच नाही, एवढे सासरच्यांना समजले तरी कितीतरी स्त्रियांचा छळ थांबेल.

'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वकर्माच्या सिद्धान्ताची चिकित्सा करताना बाबासाहेबांनी आनुवंशिकतेचा मुद्दा मुद्दाम पुढे आणला आहे. मूल गुणधर्म घेते ते आईवडिलांकडून, हे विज्ञान सांगते. मागील जन्मीच्या कर्माच्या गाठोड्याला तेथे जागा उरत नाही. त्या उपासिकेला द्यावयाचे उत्तर हेच आहे. बाई, तुमच्या लेकराने काही केले नाही, आणि तुम्हीही नाही.

उत्तरापाठोपाठ तिच्या हाती काही माहितीही द्यावी. मुलाला भरपूर पाणी पाजावे, थंडीत उबदार ठेवावे, मच्छरदाणीत निजवावे. ताप चढल्यास, छातीत दुखून दम लागल्यास, पोट डाव्या बाजूला एकाएकी फुगल्यास किंवा हातपाय लुळा पडल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. हायड्रॉक्सियुरिया सुरू असेल तर डॉक्टर सांगतील त्या अंतराने रक्त तपासून घ्यावे आणि गर्भधारणेचा विचार असल्यास आधी कळवावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश झालेला आहे. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात अर्ज करता येतो, आणि अर्ज लिहून देण्याचे काम विहारातील कोणीही शिकलेला तरुण तासाभरात करू शकतो.