उपनगरी कौंटीतील घरखरेदी : मेरीलँडमधील मॉन्टगोमेरी कौंटीच्या संदर्भात

अमेरिकेत महानगरालगतच्या, चांगल्या समजल्या जाणाऱ्या उपनगरात घर घेणे हा मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यातील बहुधा सर्वांत मोठा आर्थिक व्यवहार असतो. या व्यवहारात प्रत्यक्ष काय विकत घेतले जाते आणि त्याची किंमत कोण ठरवते, याचा विचार प्रस्तुत लेखात मॉन्टगोमेरी कौंटीच्या आधारे केला आहे. ही कौंटी वॉशिंग्टन शहराला वायव्येकडून लागून असून २०२० च्या जनगणनेनुसार तिची लोकसंख्या १०,६२,०६१ होती. कौंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. मात्र जमीनवापराचे नियम, शाळा आणि मालमत्ता कर या तिन्ही बाबी येथे स्थानिक पातळीवर ठरतात. घराच्या किमतीचे मूळ येथेच आहे.

खरेदीदार भिंती आणि छपरापेक्षा पत्त्याला अधिक पैसे मोजतो. संपूर्ण कौंटीची शाळाव्यवस्था एकच आहे. तरीही मूल कोणत्या शाळेत जाणार हे घर कोणत्या शाळेच्या हद्दीत येते त्यावर ठरते. त्यामुळे सारख्याच आकाराच्या दोन घरांच्या किमतीत केवळ हद्दीमुळे फरक पडू शकतो. बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थांसारखी रोजगारकेंद्रे आणि राजधानीपर्यंत जाणारी मेट्रोची रेड लाइन यांनी या पत्त्याचे मोल वाढविले.

मागणी वाढूनही घरे त्या प्रमाणात वाढली नाहीत, याचे एक कारण नियोजनात आहे. १९८० मध्ये कौंटीने सुमारे ९३,००० एकर, म्हणजे जवळजवळ एकतृतीयांश क्षेत्र, शेतीसाठी राखले आणि तेथे २५ एकरांमागे एकच घर बांधण्याची मर्यादा घातली. बांधकामाचा हक्क गमावलेल्या शेतकऱ्यांना तो हक्क अन्यत्र बांधणाऱ्यांना विकण्याची मुभा दिली. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीमुळे टीडीआर हा शब्द परिचित झालेल्या वाचकांस ही कल्पना नवी वाटणार नाही. शेती वाचली, हे या धोरणाचे निर्विवाद यश होय. परंतु उरलेल्या निवासी भागांपैकी बऱ्याच ठिकाणी एका भूखंडावर एकच घर हा नियम राहिल्याने जमीन महाग होत गेली. या उपनगरांची मूळ घडणही निर्मळ नव्हती. अनेक वसाहतींच्या खरेदीखतांत कृष्णवर्णीयांना घर न विकण्याच्या अटी होत्या. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा अटींची न्यायालयांमार्फत अंमलबजावणी अमान्य केली आणि १९६८ च्या कायद्याने घरविक्रीतील भेदभावास बंदी घातली.

किमतीइतकाच महत्त्वाचा भाग कर्जाचा आहे. येथील प्रचलित गृहकर्ज ३० वर्षांचे आणि स्थिर व्याजदराचे असते. आपल्याकडील बदलत्या दराच्या कर्जाहून ते वेगळे आहे. अशा कर्जाचा देशातील सरासरी दर जानेवारी २०२१ मध्ये २.६५ टक्क्यांपर्यंत उतरला होता, तर ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ७.७९ टक्क्यांवर गेला. ५ लाख डॉलरच्या कर्जाचा मासिक हप्ता पहिल्या दराने सुमारे २,०१५ डॉलर येतो, दुसऱ्या दराने सुमारे ३,५९६ डॉलर. ज्यांच्या हाती स्वस्त कर्ज होते ते घर विकण्यास नाखूश राहिले. म्हणजे कर्ज महागले तरी बाजारात येणारी घरे घटल्याने नव्या खरेदीदाराला किमतीत अपेक्षित दिलासा मिळाला नाही.

या पार्श्वभूमीवर कौंटीचा १९७४ चा कायदा विशेष लक्षणीय ठरतो. ५० किंवा अधिक घरांच्या प्रत्येक नव्या प्रकल्पात १५ टक्के घरे मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी नियंत्रित किमतीत देणे बंधनकारक झाले. बदल्यात विकासकास जादा घरे बांधण्याची सवलत मिळाली. अमेरिकेतील हा अशा स्वरूपाचा आद्य प्रयोग मानला जातो. महाराष्ट्रात ४,००० चौ.मी. व त्याहून मोठ्या भूखंडांवर २० टक्के घरे राखण्याचा जो नियम पुढे आला, त्यातील तत्त्व हेच आहे. यांपैकी एकतृतीयांशापर्यंत घरे कौंटीच्या सार्वजनिक गृहनिर्माण संस्थेस विकत घेता येतात. त्यामुळे गरीब कुटुंबे संपन्न वस्त्यांत विखुरली गेली.

त्याचा परिणाम हीदर श्वार्ट्झ यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाहावयास मिळतो. कोणत्या कुटुंबास कोणत्या वस्तीत घर मिळेल हे व्यवहारतः दैवाधीन असल्याने तुलना विश्वसनीय झाली. कमी दारिद्र्य असलेल्या शाळांत गेलेल्या मुलांनी प्राथमिक शिक्षणाच्या अखेरीस अधिक दारिद्र्य असलेल्या शाळांतील तत्सम मुलांना, विशेषतः गणितात, मागे टाकले. वास्तविक त्या दुसऱ्या शाळांवर कौंटी अधिक खर्च करीत होती. अध्यापकांनी या निष्कर्षाकडे दुर्लक्ष करू नये. पत्त्यासाठी मोजले जाणारे पैसे सर्वस्वी भ्रमापोटी नसतात, हेही त्यातून दिसते.

कायद्यातील उणीव मात्र मुदतीची होती. आरंभी किमतीवरील नियंत्रण अवघे ५ वर्षे होते. १९८१ मध्ये ते १० वर्षांवर आले. परिणामी दहा हजारांहून अधिक घरे बांधली जाऊनही त्यांतील बहुसंख्य मुदत संपताच खुल्या बाजारात गेली. २००५ पासून विक्रीच्या घरांसाठी ही मुदत ३० वर्षे आणि भाड्याच्या घरांसाठी ९९ वर्षे करण्यात आली. मुदतीत घर विकल्यास नियंत्रित किंमतच मिळते. मुदतीनंतरच्या पहिल्या विक्रीत मिळालेल्या जादा नफ्याचा निम्मा भाग कौंटीच्या गृहनिर्माण निधीत भरावा लागतो.