क्ष-किरणांच्या अभ्यासाकडे वळण्यापूर्वी

बारावीचा निकाल लागतो, पाठोपाठ वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचे गुण कळतात, आणि ज्या घरात एम.बी.बी.एस.ची जागा थोडक्यात हुकलेली असते त्या घरात दोन-तीन दिवस कोणी मोठ्याने बोलत नाही. मग एखादे मामा किंवा शेजारचे काका सुचवितात, "रेडिऑलॉजीला घाला. तीही डॉक्टरीच की!" सल्ला आपुलकीचा असतो, परंतु त्यातील दुसरे वाक्य खरे नाही. त्या वाक्यावर विसंबून चार वर्षांचा निर्णय घेणारा विद्यार्थी पुढे स्वतःवर रुष्ट होतो आणि कधीकधी हाती आलेल्या चांगल्या विद्येवरही.

क्ष-किरण आणि किरणोपचार विभागांत तीन वेगवेगळ्या शिक्षणांची माणसे असतात. रेडिऑलॉजिस्ट हा एम.बी.बी.एस. होऊन पुढे त्याच विषयात एम.डी. किंवा तत्सम शिक्षण घेतलेला डॉक्टर. छायाचित्र पाहून रोगाविषयी अभिप्राय लिहिणे व त्याखाली सही करणे हा अधिकार त्याचा. दुसरा वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ; किरणांच्या मात्रेचे गणित आणि यंत्रांची अचूकता त्याच्याकडे. तिसरा तंत्रज्ञ. रोग्याला यंत्राखाली योग्य स्थितीत ठेवणे आणि काम होईल एवढेच किरण सोडणे हे त्याचे कर्तव्य. ज्या पदवीचा येथे विचार चालला आहे ती या तिसऱ्या माणसाची. अनुभव वीस वर्षांचा झाला म्हणून तंत्रज्ञाचा रेडिऑलॉजिस्ट होत नाही. भौतिकतज्ज्ञाची वाटही सहसा येथून निघत नाही. तिकडे जायचे तर बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र हा मुख्य विषय असावा लागतो, पुढे एम.एस्सी. आणि किरणभौतिकीचे खास शिक्षण. भाभा अणुसंशोधन केंद्रात असा पदविका अभ्यासक्रम १९६२ पासून आहे. हे सारे प्रवेशाआधी कळले तर त्यात दुःख नाही. तिसऱ्या वर्षी कळले तर आहे.

ऑस्ट्रेलियातील विद्यापीठांत या विद्येच्या शाखांना मिळून 'मेडिकल रेडिएशन सायन्सेस' असे एक नाव आहे. आपल्याकडे इमेजिंग टेक्नॉलॉजी, रेडिओथेरपी टेक्नॉलॉजी, न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजी अशा निरनिराळ्या नावांनी पदव्या मिळतात. सामान्यतः तीन वर्षे अभ्यास आणि एक वर्ष रुग्णालयात उमेदवारी. पहिल्या शाखेत क्ष-किरण, सी.टी. व एम.आर.आय. यांच्या साहाय्याने शरीराच्या आतले चित्र घेणे येते. दुसरीत किरणांनी कर्करोगावर उपचार. तिसरीत किरणोत्सर्गी औषध रोग्याला देऊन ते शरीरात कोठे साठते ते पाहणे येते. तेथील टेक्निशियम नावाचे द्रव्य दर सहा तासांनी निम्मे होते, म्हणून त्या विभागात घड्याळाला फार मान.

तंत्रज्ञाचे काम म्हणजे कळ दाबणे, असा समज आहे. तो किती अपुरा आहे हे किरणोपचाराच्या खोलीत दिसते. घशाच्या कर्करोगाचा रोगी आठवड्यातून पाच दिवस, असे सहा-सात आठवडे येतो. गरम पाण्यात मऊ होणारे जाळीदार प्लॅस्टिक त्याच्या चेहऱ्यावर बसवून मुखवटा केलेला असतो. रोज तोच मुखवटा घालून त्याला त्याच स्थितीत निजवावे लागते. चूक मिलिमीटरांत मोजतात, कारण गाठीला लागूनच पाठीचा मज्जारज्जू असतो, लाळेच्या ग्रंथी असतात. नंतर सर्व जण बाहेर येतात, जाड काँक्रीटच्या भिंतींआड रोगी एकटा उरतो, आणि तंत्रज्ञ पडद्यावर त्याच्याकडे पाहत असतो. किरण काही मिनिटांचेच. पण त्या रोग्याला सहा आठवडे रोज भेटणारा माणूस डॉक्टर नसून बहुधा हा तंत्रज्ञच असतो. वजन उतरल्याने मुखवटा सैल झाला, कालपासून पाणीही गिळवत नाही, आज तो बोललाच नाही, या गोष्टी प्रथम त्याच्या ध्यानात येतात, निदान यायला हव्यात. रोज दुखणाईतांच्या इतक्या निकट राहणे ज्याला सोसत नाही, त्याने केवळ यंत्रांच्या आवडीने इकडे येऊ नये. यंत्रांची आवड अन्यत्रही भागते.

मग यासाठी विद्यापीठाची पदवी कशाला, चार महिन्यांत यंत्र चालविणे शिकता येणार नाही काय? येईलही. पण १९८५ ते १९८७ या काळात अमेरिकेत व कॅनडात थेरॅक-२५ नावाच्या संगणकचालित किरणोपचार यंत्राने सहा रुग्णांना ठरल्या मात्रेच्या अनेक पट किरण दिले. त्यांतील काही दगावले. दोष यंत्राच्या आज्ञावलीत होता, तो बनविणाऱ्यांचा. परंतु यंत्र थांबे तेव्हा पडद्यावर नुसता एक क्रमांक उमटे, त्याचा अर्थ पुस्तिकेत उलगडलेला नव्हता, आणि असे वारंवार घडत असल्याने 'पुढे चला' ही कळ दाबण्याची सवय जडून गेली होती. यंत्र 'नाही' म्हणते तेव्हा का म्हणते, हे विचारण्याइतके भौतिकशास्त्र आणि तोवर उपचार थांबविण्याइतका धीर, या दोहोंसाठी तो अभ्यासक्रम आहे. एम.आर.आय.मध्ये तर क्ष-किरण नसतातच. तेथील चुंबक मात्र अहोरात्र जागा असतो. २०१८ साली मुंबईतील एका रुग्णालयात लोखंडी ऑक्सिजन सिलिंडर त्या खोलीत नेल्याने तो नेणारा माणूस यंत्राकडे खेचला जाऊन प्राणास मुकला. दाराशी "थांबा" म्हणणारा जाणता माणूस तेथे किती मोलाचा, हे वेगळे सांगावयास नको.

घरच्यांची खरी भीती वेगळीच असते. "रोज किरणांत राहून पोरीच्या प्रकृतीचे काय?" हा प्रश्न आजी विचारते, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. रंटगेनने ८ नोव्हेंबर १८९५ रोजी हे किरण शोधले तेव्हा त्यांचा अपाय कोणास ठाऊक नव्हता. पुढे कित्येक वर्षे डॉक्टर आणि तंत्रज्ञ यंत्राची परीक्षा स्वतःच्या हातावर घेत. हातांना व्रण होत, बोटे कापावी लागत, कर्करोग होई. अशा बळींचे स्मारक १९३६ साली जर्मनीतील हांबुर्ग येथे उभे राहिले आणि त्यावर दीडशेहून अधिक नावे कोरली गेली. आजचे नियम त्या अनुभवातून आलेले आहेत. भारतातील अणुऊर्जा नियामक मंडळाने काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० ही कमाल मर्यादा घातली आहे. निसर्गातूनच माणसाला जगात सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळत असतात. स्त्री गरोदर असल्याचे कळविल्यापासून गर्भासाठी मर्यादा एक मिलिसिव्हर्टची, आणि तदनुसार काम बदलून द्यावे लागते. तंत्रज्ञाच्या छातीवर शिशाच्या एप्रनखाली एक छोटा बिल्ला असतो. दर तीन महिन्यांनी तो तपासून किती किरण लागले ते कळते. अंतर दुप्पट केले की मात्रा चौथाईवर येते, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ साधते. म्हणजे भय आळसाचे आहे. बिल्ला टेबलाच्या खणात राहतो, एप्रन खुंटीवर राहतो, तेथे आजीचे म्हणणे खरे ठरू शकते.

तेव्हा महाविद्यालय निवडताना इमारत पाहू नये, बिल्ले पाहावेत. उमेदवारी करणाऱ्या मुलांच्या अंगावर ते आहेत की नाहीत? किरणोपचार शिकविणाऱ्या संस्थेकडे स्वतःचे किंवा संलग्न रुग्णालयाचे चालू यंत्र आहे काय, आणि त्यावर रोज किती रोगी येतात? माहितीपत्रकातील चित्रे बघून कोणी रोग्याला निजवायला शिकत नाही. भारतात या व्यवसायांसाठी राष्ट्रीय कायदा २०२१ साली झाला. त्याआधी शिक्षणाचा दर्जा जागोजाग वेगळा होता, आणि अशी जुनी विषमता एका कायद्याने लगेच मिटत नाही. म्हणून पदवी कोणत्या मान्यताप्राप्त विद्यापीठाची आहे, ती नव्या व्यवस्थेत नोंदली जाईल काय, हे लेखी विचारावे. रात्रपाळी असते, उभ्याने काम असते, सणावारीही अपघाताचे रोगी येतात. पगार शहरागणिक व संस्थेगणिक बदलतो, म्हणून तो जाहिरातीवरून न धरता गेल्या दोन वर्षांत उत्तीर्ण झालेल्यांना विचारावा.

आणि अर्ज भरण्यापूर्वी जवळच्या जिल्हा रुग्णालयात परवानगी काढून क्ष-किरण विभागाच्या दाराबाहेर एक सकाळ बसावे. हात मोडलेले रडते मूल आत जाते. तंत्रज्ञ आधी त्याच्या उंचीला वाकतो, आईला शिशाचा एप्रन देतो, दुखरा हात अलगद फळीवर ठेवतो, आणि एकाच प्रयत्नात चित्र घेतो, कारण दुसरे घ्यावे लागले तर त्या मुलाला किरण दुप्पट लागणार. ते पाहताना ज्या विद्यार्थ्याला आपणही हे असेच करावे असे वाटेल, त्याने एम.बी.बी.एस.चे गुणपत्रक बाजूला ठेवून खुशाल अर्ज भरावा. ज्याचे लक्ष सारखे पलीकडच्या खोलीत अभिप्राय लिहिणाऱ्या डॉक्टरांकडे लागून राहील, त्याने वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला आणखी एक वर्ष द्यावे किंवा वेगळी वाट पाहावी.