मूळपुरुष ठाऊक, पणजोबा अज्ञात

पूर्वजांचा कागद धुंडाळणे गोमंतकीयाला नवे नाही. आजोबांची पोर्तुगीज आमदानीतील जन्मनोंद हाती आली की नातवाला परदेशाचे दार किलकिले होते, म्हणून ती दप्तरे चाळणारे आपल्यात थोडे नाहीत. त्या नोंदीत आईबापांबरोबर आजाआजींचीही नावे सापडतात. हाच शोध जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात घ्यावा लागणाऱ्याची गत काय होते, याकडे आम्ही आज वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. तेथे प्रश्न परदेशगमनाचा नसून मुलाच्या शिक्षणाचा आहे.

निजामाच्या राज्यात १९०५ साली आदिलाबाद जिल्हा झाला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत त्यातील किनवट व राजुरा हे भाग मराठी मुलखाला जोडून नांदेड जिल्ह्यात घातले गेले. राजुरा पुढे १९५९ मध्ये चांद्याकडे गेला. माणसे जागच्या जागी राहिली, दप्तराचा धनी तेवढा बदलला. आज किनवटकडील गोंड, कोलाम, आंध वा परधान घरातील मुलाला जमातीचा दाखला पडताळून घ्यायचा तर ६ सप्टेंबर १९५० ही त्याची मर्यादा. त्या दिवशी घराणे कोठे राहत होते आणि त्याआधीच्या कागदांत आजा-पणजांची जमात काय लिहिली आहे, हे दाखवावे लागते. स्वातंत्र्यपूर्व कागदाचे वजन अधिक, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये म्हटले आहे. ते योग्यच, पण कागद आहे कोठे? निजामी दप्तर उर्दूत, कालगणना फसली. फसली १३५० म्हणजे इसवी १९४०-४१, हे गणित ठाऊक नसलेल्याला नोंद सापडूनही उपयोग नाही. त्यात २०१६ मध्ये उरलेल्या आदिलाबादचेच चार जिल्हे झाले.

पण खरी अडचण याहून खोल आहे. १९४० मध्ये जोडेघाटला कुमरम भीमू पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला, तो जंगल-जमिनीच्या हक्कासाठीच. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना तेथे धाडले आणि पुढील काही वर्षांत अनेक गोंड कुटुंबांना प्रथमच जमिनीचे पट्टे मिळाले. म्हणजे कित्येक घरांतला पूर्वज सरकारी कागदावर अवतरतो तो त्या पट्ट्यावर. ‘वल्द’ या शब्दापुढे बापाचे एक नाव येते आणि धागा तेथेच तुटतो. आईचे नाव तर त्याही ओळीत नसते. ज्याला पट्टाच मिळाला नाही, त्याचे काय बोलावे?

असे असूनही हा समाज आपले मूळ विसरलेला नाही. चार, पाच, सहा वा सात भावांचा सगा कोणता, देव कोणता, सोयरीक कोठे चालते, हे पोरासोरांनाही ठाऊक असते. केसलापूरला पौष अमावास्येच्या रात्री नागोबाच्या जत्रेत मेस्राम कुळातील नव्या सुना देवापुढे आणल्या जातात. कुळात कोण आले याची ती बिनकागदी नोंदच म्हणावयाची. कुळाची कथा राखतो तो पिढीजात परधान. घरी मराठी बोलणारा हा भाट किंकरीवर गातो मात्र गोंडीत. आम्हांस हे मोठे नवलाचे वाटते. तथापि त्याची कथा कुळाच्या आरंभाची, घराघरांतील पणजोबांची नव्हे. गाण्याला मूळपुरुष ठाऊक, पट्ट्याला आजोबा ठाऊक. मधल्या पिढ्या दोन्हीकडून निसटतात, आणि पडताळणीच्या वंशावळीत नेमक्या त्याच मागितल्या जातात.

कुणबी नोंदींसाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, हैदराबादपर्यंत शोध झाला, उर्दू व मोडी वाचणारे जुंपले गेले. तीच तजवीज डोंगरातील लहान जमातींसाठी का होऊ नये? १९५६ पूर्वीचे किनवट-राजुऱ्याचे कोणते दप्तर कोठे आहे, याची यादी महाराष्ट्र व तेलंगण या दोन्ही सरकारांनी मिळून प्रसिद्ध करावी आणि त्यांतील नावांची मराठी सूची तहसील कचेरीत ठेवावी. परधानांचे कुळकथन ध्वनिमुद्रित करून तेही गृहचौकशीस जाणाऱ्या दक्षता पथकाच्या हाती द्यावे. किंकरी वाजविणारे हात आता म्हातारे झाले आहेत. हे काम आधी हाती घ्यावे.