माणसं गेली, बँड सुरूच: ‘नव्या संचात’ लिहिलं की झालं का?

मुंबईच्या जानेवारी 2026 मधल्या लोलापालूझासाठी लिंकिन पार्कचं नाव जाहीर झालं आणि कमेंटमध्ये लगेच दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे, शाळा-कॉलेजात ज्यांची गाणी ऐकून दिवस काढले ते शेवटी आपल्याकडे येतायत. दुसरी म्हणे, चेस्टरच नाही तर कसलं लिंकिन पार्क?

चेस्टर बेनिंग्टन 20 जुलै 2017 ला गेला. सात वर्षं बँड गप्प होता. सप्टेंबर 2024 मध्ये एमिली आर्मस्ट्राँग ही नवी गायिका घेऊन ते परत आले आणि नोव्हेंबरात ‘फ्रॉम झीरो’ हा नवा अल्बमही आणला. जुना ड्रमर रॉब बोर्डन परतला नाही. गिटारवाला ब्रॅड डेल्सन बँडमध्ये आहे, पण दौऱ्यावर जात नाही. म्हणजे तुम्ही तिकीट काढून ज्यांना बघता, त्यातले निम्मेच चेहरे जुन्या पोस्टरवरचे.

मग त्याला लिंकिन पार्क म्हणायचं का? आणि जुन्या बँडनी माणसं गेल्यावर थांबायला हवं का?

हा प्रश्न इंग्रजी गाण्यांच्या चाहत्यांपुरताच आहे असं वाटत असेल, तर आधी पाचगणीला जाऊन येऊ.

पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत 1950 च्या दशकात झांझिबारहून आलेला एक पारशी मुलगा वसतिगृहात राहायचा. नाव फारोख बलसारा. 1958 च्या सुमारास त्याने चार मित्रांसोबत ‘द हेक्टिक्स’ नावाचा शाळेचा बँड काढला, त्यात तो पियानो वाजवायचा. हाच फारोख पुढे इंग्लंडात जाऊन फ्रेडी मर्क्युरी झाला. म्हणजे क्वीनच्या फ्रेडीचा पहिला बँड सातारा जिल्ह्यातला.

फ्रेडी 24 नोव्हेंबर 1991 ला गेला. बेस वाजवणारा जॉन डीकन 1997 नंतर बाजूला झाला, तो पुन्हा स्टेजवर आला नाही. उरले ब्रायन मे आणि रॉजर टेलर. त्यांनी आधी पॉल रॉजर्ससोबत आणि मग ॲडम लॅम्बर्टसोबत दौरे केले. पण पोस्टरवर नुसतं ‘क्वीन’ लिहिलं नाही. ‘क्वीन + ॲडम लॅम्बर्ट’ असं लिहिलं. मध्ये अधिकचं चिन्ह. ॲडम क्वीनसोबत गातोय आणि फ्रेडीची जागा रिकामीच आहे, असं त्यातून सरळ कळतं. कार्यक्रमात एका गाण्याला मागच्या पडद्यावर खुद्द फ्रेडी येतो आणि ब्रायन मे खाली बसून त्याच्यासोबत वाजवतो.

आता हे अधिकचं चिन्ह आपल्याकडे फार जुनं आहे. तमाशाच्या फडाची पाटी आठवा. ‘रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर’. तो ‘सह’ म्हणजेच तो प्लस.

कांताबाईंची गोष्ट या प्रश्नावर नेमकं बोट ठेवते. पती तुकाराम खेडकर फडाचे मोठे कलावंत. ते गेल्यावर कांताबाईंना पुढे स्वतःचा फड उभा करावा लागला. तो त्यांनी चालवला, मुलगा रघुवीर त्यात तयार झाला. 25 मे 2021 ला कोरोनानंतरच्या आजारपणात कांताबाई गेल्या. फड सुरू राहिला आणि पाटीवर त्यांचं नावही राहिलं. त्या नावावर कोणी ‘प्रेक्षकांची फसवणूक’ असा आरोप केल्याचं ऐकलंय? कारण तमाशात नाव हे घराण्याचं, परंपरेचं असतं हे बघणाऱ्याला ठाऊक असतं. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर या नावातच बघा, वडील भाऊ आधीपासून बसलेले आहेत.

पण भावना हे फड सुरू राहण्याचं अर्धंच कारण. उरलेलं अर्धं पैशांचं आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय ‘थांबा’ म्हणणं फार सोपं आहे.

मोठ्या फडात शंभराच्या वर माणसं असतात. नाचणाऱ्या, गाणारे, ढोलकीवाले, सोंगाडे, तंबू ठोकणारे, ट्रक चालवणारे, स्वयंपाकी. हंगाम साधारण दसऱ्यापासून बुद्ध पौर्णिमेपर्यंत. बाकीचे महिने बसून काढायचे, म्हणून कलाकार मालकाकडून आगाऊ रक्कम घेतात. त्याला उचल म्हणतात. ही उचल द्यायला मालक बऱ्याचदा सावकाराकडून पैसे उचलतो. पुढं गावोगावच्या यात्रांच्या सुपाऱ्यांतून ते फिटायचे. गुढीपाडव्याच्या आगेमागे नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावकरी तिथं येऊन आपल्या यात्रेसाठी तमाशा ठरवतात.

या साखळीत मुख्य कलाकार गेला तर काय होतं? कर्ज तसंच राहतं. उचल घेतलेली शंभर माणसं तशीच राहतात. सुपारी दिलेलं गाव वाट बघत असतं. त्यामुळे फड थांबवायचा की नाही हा प्रश्न मालकापुढे निवांत विचार करायला येतच नाही. कोरोनात दोन हंगाम बुडाले तेव्हा थांबणं म्हणजे काय असतं ते सगळ्या फडांनी बघितलं.

आणि म्हातारपणी थांबायचं तरी कशाच्या भरवशावर? विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला होता, महाराष्ट्रभर नाव होतं. तरी त्यांची शेवटची वर्षं हलाखीत गेली. 15 जानेवारी 2002 ला त्या गेल्या. आज त्यांच्या नावाने सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं. ज्येष्ठ कलाकारांसाठी मानधन योजना आहे, तिची रक्कम आता महिन्याला 5,000 रुपये झाली आहे. पाच हजारांत औषधं येतात की किराणा, हे तुम्हीच ठरवा.

रॉक बँडवाले अर्थातच असे गरीब नाहीत. रोलिंग स्टोन्सना उचल लागत नाही! तरी चाक तसंच फिरतं. गाणी ऑनलाइन ऐकली जायला लागल्यापासून बऱ्याच कलाकारांची कमाई रेकॉर्डपेक्षा दौऱ्यांवर जास्त अवलंबून आहे, आणि एका दौऱ्यावर लाइटवाले, साउंडवाले, ट्रकवाले अशी मोठी फौज पोसली जाते. द हू या बँडचा बेस वाजवणारा जॉन एंटविसल 27 जून 2002 ला गेला, अमेरिकेचा दौरा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी. 1 जुलैला बँड दुसरा वादक घेऊन स्टेजवर होता. स्टोन्सचा ड्रमर चार्ली वॉट्स 24 ऑगस्ट 2021 ला गेला आणि 26 सप्टेंबरला सेंट लुईसमध्ये दौरा सुरू झाला. त्यात एक फरक होता. आपल्या जागी स्टीव्ह जॉर्डन वाजवेल हे चार्ली असतानाच ठरलं होतं.

थांबलेले पण आहेत. एकाच वर्षात, 1980 मध्ये, दोन बँडनी दोन टोकाचे निर्णय घेतले. एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारीत गेला. त्यांनी ब्रायन जॉन्सनला घेतलं आणि जुलैत ‘बॅक इन ब्लॅक’ काढला. दुखवटा म्हणून कव्हर काळं. तो जगातल्या सर्वात जास्त विकल्या गेलेल्या अल्बममध्ये गणला जातो. लेड झेपलिनचा ड्रमर जॉन बोनहॅम सप्टेंबरात गेला. डिसेंबरात बँडने जाहीर केलं की आता पुढे नाही. गायक नव्हे, ड्रमर गेला होता, तरीही. पुढे 10 डिसेंबर 2007 ला लंडनमध्ये ते एका पूर्ण कार्यक्रमासाठी एकत्र आले, तेव्हा ड्रमवर कोण होतं? बोनहॅमचा मुलगा जेसन.

वडिलांच्या जागी मुलगा म्हटलं की आपल्या विदर्भातला एक दिवस आठवतो. 26 नोव्हेंबर 2010. नागपूरच्या दीक्षाभूमीवर लोकशाहीर विठ्ठल उमप मंचावरच कोसळले आणि गेले. त्यांचं ‘जांभूळ आख्यान’ ज्यांनी बघितलंय त्यांना विचारा. द्रौपदीच्या मनातल्या कर्णाची ती गोष्ट, आणि उमप ती गाताना, नाचताना, क्षणात बाई आणि क्षणात पुरुष होऊन उभी करायचे. हे दुसऱ्या कुणाला जमेल असं वाटायचं नाही. नंदेश उमप यांनी ते पुढे सुरू ठेवलं. आवाजात वडिलांचा खणखणीतपणा आहे, पण ते सादर करतात ते नंदेश म्हणूनच.

इथं कुणी म्हणेल, मराठी नाटकात तर हे रोजचंच आहे. ‘नटसम्राट’ 1970 साली आलं तेव्हा बेलवलकर श्रीराम लागू होते. नंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, मोहन जोशी अशांनी तो केला. जाहिरातीत ‘नव्या संचात’ असं छापलं की विषय संपला. लक्ष्मण देशपांडे 2009 मध्ये गेले, तरी एकट्या माणसाने पन्नासच्या वर पात्रं करायचं त्यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ संदीप पाठक यांनी रंगमंचावर जिवंत ठेवलं.

बरोबर, पण नाटक आणि बँड यात एक मोठा फरक आहे. नाटक आधी कागदावर लिहिलेलं असतं. बेलवलकर शिरवाडकरांचा आहे, नट त्यात येतो आणि जातो. बँडचं गाणं बहुतेक वेळा त्या चार-पाच जणांनी एका खोलीत बसून, एकमेकांकडे बघत जमवलेलं असतं. ड्रमर किंचित उशिरा ठोका देतो म्हणून ते गाणं तसं डुलतं. तो माणूस गेला की ती गोष्ट कागदावर कुठंच उरत नाही. म्हणून ‘नव्या संचात’ ही पाटी बँडला पूर्ण बसत नाही. झेपलिनने थांबून नेमकं हेच मान्य केलं, असं मला वाटतं.

तरी बसवता येतच नाही असं नाही. इंडियन ओशन घ्या. दिल्लीचा बँड, पण मुंबई-पुण्यात त्यांचा मोठा चाहतावर्ग आहे आणि मुंबई बॉम्बस्फोटांवरच्या ‘ब्लॅक फ्रायडे’चं संगीत त्यांचंच. 1990 मध्ये सुष्मित सेन आणि अशीम चक्रवर्ती या दोघांनी तो सुरू केला. अशीमदा तबला वाजवत गायचे, तो आवाज म्हणजेच बँड असं कित्येकांना वाटायचं. 25 डिसेंबर 2009 ला ते गेले. 2013 मध्ये सुष्मितही बाहेर पडले. म्हणजे ज्या दोघांनी बँड काढला, त्यातलं आता कुणीच नाही. राहुल राम आणि अमित किलम हे जुने, बाकी नवे. मग त्यांनी काय केलं? अशीमदांच्या जागी एकच हुबेहूब माणूस शोधला नाही. गाण्यासाठी हिमांशू जोशी, तबल्यासाठी तुहीन चक्रवर्ती, असे दोघे आणले. 2014 मध्ये ‘तंदानू’ आणि 2023 मध्ये ‘तू है’ हे नवे अल्बम केले. ‘कंदिसा’ आजही वाजतं, पण फक्त ‘कंदिसा’ वाजवायला ते फिरत नाहीत.

माझ्या मते खरी मेख इथं आहे. मूळचे किती उरले हे मोजून काही कळत नाही. लिनर्ड स्किनर्ड या अमेरिकन बँडचा शेवटचा मूळ सदस्य गॅरी रॉसिंग्टन मार्च 2023 मध्ये गेला. आता मूळचे शून्य, आणि बँड दौऱ्यावर आहे. त्याला बँड म्हणायचं की जुन्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा? आमच्याकडे मारेगाव-वणी पट्ट्यात लग्नाला बँड पार्टी ठरवताना, ज्या मास्तरांच्या नावाची गाडी दारात येते ते मास्तर हयात आहेत का, असं कोण विचारतो! वरात चांगली वाजली की झालं. पण तिथं कोणी मास्तरांना बघायला हजारो रुपयांचं तिकीट काढून आलेलं नसतं. पैसे माणसाच्या नावावर घेतले तर ते माणूस नसल्याचं मोठ्या अक्षरात सांगायला पाहिजे. क्वीनने सांगितलं. तिकिटावरच्या अटींमध्ये ‘कलाकारांत बदल होऊ शकतो’ असं मुंगीएवढ्या अक्षरात छापणं म्हणजे सांगणं नव्हे.

दुसरी गोष्ट नव्या माणसाची. त्याला मेलेल्याची नक्कल करायला लावली की कार्यक्रम केविलवाणा होतो. प्रेक्षक पूर्ण वेळ तुलनाच करत बसतात आणि तो बिचारा दर गाण्यात हरतो. एमिली आर्मस्ट्राँगबद्दल मत काहीही असू दे, ती चेस्टरची नक्कल करत नाही आणि तिच्यासाठी नवी गाणी लिहिली गेली.

आता तर माणूसही लागणार नाही अशी वेळ आली आहे. ए. आर. रहमान यांनी 2024 च्या ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटात बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयने पुन्हा उभे केले. कुटुंबांची परवानगी घेतली, मोबदलाही दिला, असं त्यांनी जाहीर सांगितलं. तरी वाद झालाच. फडात किंवा बँडमध्ये नवा माणूस आला तर निदान एका जिवंत कलाकाराला काम मिळतं. यंत्राने आवाज काढला तर तेही नाही.

यंदा या वादात आणखी एका बँडची भर पडली आहे. कॅनडाचा रश. त्यांचा ड्रमर नील पर्ट 7 जानेवारी 2020 ला गेला. तोच त्यांची बहुतेक गाणीही लिहायचा. त्याच्यामागे उरलेले दोघं, गेडी ली आणि ॲलेक्स लाइफसन, रशच्या नावाने पुन्हा फिरणार नाहीत असंच सगळ्यांना वाटत होतं. ऑक्टोबर 2025 मध्ये त्यांनी दौरा जाहीर केला. ड्रमवर जर्मनीची अनिका निलस. नीलच्या पत्नीने आणि मुलीने त्याला जाहीर पाठिंबा दिला. पहिला कार्यक्रम त्यांनी ठरवला तो लॉस एंजेलिसच्या फोरममध्ये, जिथं 1 ऑगस्ट 2015 ला नील त्यांच्यासोबत शेवटचं वाजवून उठला होता.