परदेशी मैदानं (भाग ७) : वूस्टरला गेलेला श्रीरामपूरचा झहीर

मागच्या भागात सचिन तेंडुलकरच्या यॉर्कशायरमधल्या १९९२ च्या उन्हाळ्याबद्दल वाचलंत. यॉर्कशायरने बाहेरच्या देशातून घेतलेला तो पहिला खेळाडू, त्यामुळे त्याच्या जाण्याचा गाजावाजा झाला. झहीर खान २००६ साली वूस्टरशायरकडे गेला तेव्हा तो भारतीय संघाबाहेर होता, आणि त्याची कारकीर्द संपत आली असं बोललं जात होतं.

झहीरचं बालपण श्रीरामपूरकरांना सांगायला नको. ७ ऑक्टोबर १९७८ चा जन्म. मुलाने इंजिनिअरिंग सोडून चेंडू हातात धरावा, असं वडिलांनीच ठरवलं आणि सतराव्या वर्षी त्याला मुंबईला नेलं. उसाच्या पट्ट्यातल्या एका घराने तेव्हा घेतलेला तो निर्णय आजही मला थक्क करतो. पुढे सुधीर नाईकांचा नॅशनल क्लब, चेन्नईत एमआरएफच्या अकादमीत टी. ए. शेखर, बडोद्याकडून रणजी, आणि २००० मध्ये नैरोबीत भारताची टोपी. २००३ च्या विश्वचषकात त्याने १८ बळी घेतले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ब्रिस्बेन कसोटीच्या पहिल्या डावात पाच गडी बाद केले, आणि मग मांडीचा स्नायू दुखावला. त्यानंतर दुखापती, येणं-जाणं, आणि इरफान पठाणसारखे नवे डावखुरे. २००५ संपताना बोर्डाच्या करारातही तो खालच्या श्रेणीत गेला.

परदेशी व्यावसायिक म्हणून खेळणं म्हणजे काय, हे इथे समजून घ्यायला हवं. इंग्लंडच्या काउंट्यांनी १९६८ पासून बाहेरच्या खेळाडूंना थेट करारबद्ध करायला सुरुवात केली; आपला फारुख इंजिनिअर त्याच वर्षी लँकेशायरला गेला. अशा खेळाडूंची संख्या मात्र बांधलेली असते. २००६ मध्ये एका काउंटीला एका वेळी दोघेच खेळवता येत. युरोपातल्या बास्केटबॉल लीगमध्येही अमेरिकन खेळाडूंच्या जागा अशाच मोजक्या ठेवत आले आहेत. एनबीए गाजवलेला बॉब मॅकअडू १९८६ मध्ये मिलानला गेला, तेव्हा संघाला युरोपचा चषक मिळवून देण्याची अपेक्षा त्याच्याकडूनच होती, आणि १९८७ व १९८८ असा दोनदा त्याने तो मिळवून दिला. बाहेरून आणलेल्या माणसाचे दोन सामने वाईट गेले, तर लोक लगेच त्याच्या जागेचा हिशोब करू लागतात. मायदेशातलं नाव तिथे उधारीवरही चालत नाही.

काउंटी मोसम एप्रिल ते सप्टेंबर. चार दिवसांचा सामना, मध्ये एकदिवसीय, मग बसने पुढचं गाव, ढगाळ हवा, ओली खेळपट्टी. वूस्टरशायरकडून पहिल्याच सामन्यात झहीरने सॉमरसेटचे दहा गडी बाद केले. पदार्पणात असं करणारा त्या काउंटीचा गोलंदाज शंभराहून अधिक वर्षांत झाला नव्हता. तरी तो सामना वूस्टरशायर हरलं! एसेक्सविरुद्ध तर पडलेले पहिले नऊही गडी त्याचेच होते. शेवटच्या डॅरेन गॉफचा झेल यष्टिरक्षकाकडून सुटला आणि डावातले दहाही बळी हुकले; आकडा राहिला १३८ धावांत ९. मोसमाअखेर चॅम्पियनशिपच्या १६ सामन्यांत ७८ बळी, आणि वूस्टरशायर वरच्या विभागात.

यातले दहा आणि नऊ लोकांना आठवतात. मला मात्र १६ हा आकडा मोठा वाटतो. तीन वर्षं सतत मोडत असलेल्या शरीराने चार-चार दिवसांचे सोळा सामने पेलले. रन-अप आखूड झाला, जोर वाचला, दिवसाच्या शेवटच्या तासातही लय टिकू लागली. इंग्लंडमधला ड्यूक चेंडू हाताने शिवलेला, त्याची शिवण बराच काळ उठून राहते. तो रोज हातात असला की मनगट आणि बोटं शिकत जातात. भारतीय संघात हा वेळ त्याला कुणी दिला नसता. तिथे दोन कसोट्या फसल्या की तिसऱ्याला दुसरा माणूस. काउंटीने त्याला विकत घेतलं होतं, म्हणून वापरून घेतलं, आणि त्या वापरातच तो घडला.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो दक्षिण आफ्रिकेत भारतीय संघात परतला. जोहान्सबर्गला भारताने त्या देशातली आपली पहिली कसोटी जिंकली. मग २००७ चा इंग्लंड दौरा. ट्रेंट ब्रिजवर तो फलंदाजी करत असताना क्रीजजवळ जेलीच्या गोळ्या टाकलेल्या सापडल्या, तो चिडला, आणि दुसऱ्या डावात ७५ धावांत ५ बळी घेतले. पहिल्या डावात चार होतेच. राऊंड द विकेट येऊन डावखुऱ्यांसाठी चेंडू दोन्हीकडे वळवणारा हा गोलंदाज इंग्लंडच्या फलंदाजांना त्यांच्याच हवेत, त्यांच्याच चेंडूवर खेळवत होता. तीन कसोटींत १८ बळी, आणि १९८६ नंतर इंग्लंडमधला भारताचा पहिला मालिकाविजय. पुढे २०११ च्या विश्वचषकात २१ बळी; कारकीर्द संपली तेव्हा ९२ कसोटींत ३११.

पुढच्या आठवड्यात सांगलीची स्मृती मानधना आणि ऑस्ट्रेलियातली महिलांची बिग बॅश.