वनस्पतिविविधता, डोंगराळ अरण्यातील

डोंगराळ भागातील नैसर्गिक अरण्यात आढळणाऱ्या वनस्पतींच्या जातींची संख्या आणि त्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण यांवरून तेथील वनस्पतिविविधता ठरते. जाती अनेक असूनही बहुतेक वृक्ष एकाच जातीचे असतील, तर विविधता कमी मानतात. हिमालयासारख्या उत्तुंग पर्वतात उंचीनुसार तापमान घटत जाऊन निरनिराळे वनपट्टे बनतात. सातपुड्याच्या ठेंगण्या शाखांवर मात्र हा भेद मुख्यत्वे मातीची खोली व ओलावा यांमुळे पडतो. वर्धा जिल्हा हे याचे उदाहरण होय.

आर्वी तालुक्यातील रोहण्याच्या परिसरात शेतीचा सखल प्रदेश असून जिल्ह्याच्या उत्तर व ईशान्य भागांत बेसाल्ट खडकाच्या टेकड्या व त्यांवर उष्ण कटिबंधीय शुष्क पानझडी वने आहेत. पाऊस सरासरी सु. १०० सेंमी. असून तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या काळात पडतो. उन्हाळ्यात तापमान ४५° से.च्या आसपास जाते. बाष्पोच्छ्वास कमी करण्यासाठी बहुतेक वृक्ष कोरड्या ऋतूत पाने गाळतात. माथ्यावरील उथळ, मुरमाड जमिनीत सालई व धावडा तग धरतात. उतारावरील खोल व चांगल्या निचऱ्याच्या जमिनीत साग वाढतो. त्याच्या जोडीला ऐन, लेंडिया, तेंदू, मोह हे वृक्ष असतात. ओढ्यांच्या काठी अर्जुन, जांभूळ, उंबर व करंज आढळतात. उत्तराभिमुख उतारांवर हिवाळी ऊन तिरपे पडत असल्याने ओल अधिक काळ टिकते.

वणवे, अतिचराई व वृक्षतोड यांमुळे हे संतुलन ढळते. मोहाची फुले वेचण्यासाठी किंवा तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून लावलेली आग पसरल्यास कोवळी रोपे जळतात. सागाला बुंध्यापासून पुन्हा धुमारे फुटतात. परंतु आगीला नाजूक असलेल्या जाती मागे पडतात. मोकळ्या झालेल्या जागी घाणेरीसारखी परकीय झुडपे माजतात व देशी रोपांची वाढ खुंटते. त्यामुळे अरण्य दुरून हिरवे दिसले, तरी त्यातील जाती घटत जातात.

जिल्ह्यातील बोर हे १९७० साली अभयारण्य व २०१४ साली व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाले. अशा वनांच्या रक्षणात ओढ्याकाठच्या चिंचोळ्या पट्ट्यांना विशेष महत्त्व आहे. कारण ओलावा लागणाऱ्या जातींना या शुष्क प्रदेशात अन्यत्र फारसा आश्रय नसतो.