दिल्लीत चौघा मित्रांचा मुक्काम : खोली ठरविण्यापूर्वी काय पाहावे

नवी दिल्ली - एकट्या प्रवाशास राजधानीत रात्र काढण्यापुरती जागा मिळणे फारसे कठीण नाही आणि पन्नास जणांच्या सहलीची व्यवस्था प्रवासी कंपनी पाहते. खरी अडचण होते ती चौघा-पाच जणांच्या गटाची. बहुसंख्य हॉटेलांचा हिशेब दोन प्रौढांच्या खोलीवर बेतलेला असतो. संकेतस्थळावर दिसणारा दर दोघांचाच असतो. तिसऱ्या माणसासाठी जमिनीवर गादी घातली जाते आणि चौथ्याचे काय करायचे, याचा निर्णय रात्री दहा वाजता स्वागतकक्षात वादावादी होऊन लागतो. तीन किंवा चार खाटांच्या खोल्या दिल्लीत आहेत, विशेषतः पहाडगंज व करोल बाग भागात. परंतु त्यांची संख्या कमी असल्यामुळे त्या आधी भरतात. म्हणून आरक्षण करतानाच प्रौढांची नेमकी संख्या, खाटांची संख्या आणि जादा गादीचा दर या तीन गोष्टी लेखी घेणे आवश्यक आहे.

वस्तीची निवड करताना प्रथम आपली गाडी कोठे उतरविते, हे पाहावे. मुंबई सेंट्रलहून सुटणारी राजधानी एक्स्प्रेस नवी दिल्ली स्थानकावर येते, तर ऑगस्ट क्रांती राजधानी, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून येणारी राजधानी आणि पुणेमार्गे येणारी गोवा एक्स्प्रेस या गाड्यांचा प्रवास हजरत निजामुद्दीन येथे संपतो. ही दोन्ही स्थानके शहराच्या वेगवेगळ्या भागांत आहेत. निजामुद्दीनला उतरून पहाडगंजला जायचे असल्यास सामानासह तासभर हाताशी ठेवावा. नवी दिल्ली स्थानकालाही दोन तोंडे आहेत. फलाट क्रमांक 1 कडून बाहेर पडले की पहाडगंज लागते. दुसऱ्या बाजूस अजमेरी गेट असून मेट्रोची पिवळी मार्गिका व विमानतळ एक्स्प्रेस त्या बाजूस आहेत. चुकीच्या बाजूने बाहेर पडलेल्या प्रवाशास रिक्षाचालक दूरच्या फेऱ्याचे भाडे सांगतो, आणि नवख्यास ते खरेही वाटते.

पहाडगंजचा मुख्य बाजार आणि आराकशां मार्ग हा स्वस्त निवासाचा जुना पट्टा होय. स्थानक पायी अंतरावर, रामकृष्ण आश्रम मार्ग हे मेट्रो स्थानक जवळ आणि तेथून राजीव चौक अवघे एक स्थानक, ही या भागाची सोय. गल्ल्या अरुंद आहेत, गोंगाट पुष्कळ आहे आणि अनेक खोल्यांना खिडकी नाही, ही गैरसोय. करोल बाग थोडे ऐसपैस व त्या मानाने महाग. निळ्या मार्गिकेने राजीव चौक तेथून तिसरे स्थानक आहे. एम्समध्ये उपचारासाठी आलेल्या नातलगाच्या भेटीसाठी गट येत असेल, तर मध्य दिल्लीचा आग्रह न धरता युसूफ सराय, गौतम नगर किंवा ग्रीन पार्क या भागांत चौकशी करावी.

विमानाने येणाऱ्यांची एक फसगत वारंवार होते. ‘विमानतळाजवळ’ किंवा ‘एरोसिटीजवळ’ असे लिहिलेली बरीच हॉटेले प्रत्यक्षात महिपालपूर येथे असतात. एरोसिटी हे आखून वसविलेले महागड्या हॉटेलांचे संकुल असून त्यास विमानतळ एक्स्प्रेस मार्गावर स्वतंत्र स्थानक आहे. महिपालपूर ही महामार्गालगतची दाट वस्ती आहे. नकाशावर दोहोंतील अंतर किरकोळ दिसते. सामान घेऊन तो महामार्ग ओलांडताना ते किरकोळ वाटत नाही. पहाटेचे विमान गाठायचे असल्यास महिपालपूर ठीक आहे. चार दिवस लाल किल्ला, चांदणी चौक, कुतुबमिनार पाहायचे असतील, तर रिक्षा व टॅक्सीच्या भाड्यात खोलीची बचत संपून जाते.

हॉटेलखेरीज अन्य पर्यायही आहेत. पहाडगंज भागातच नूतन मराठी शाळा व बृहन्महाराष्ट्र भवन या जुन्या मराठी संस्था असून, भवनातील खोल्यांची चौकशी आगाऊ दूरध्वनीवरून करावी. कोपर्निकस मार्ग व कस्तुरबा गांधी मार्ग येथील दोन्ही महाराष्ट्र सदनांत लोकप्रतिनिधी व शासकीय पाहुण्यांना अग्रक्रम असतो. सामान्य नागरिकाने त्यावर विसंबून तिकीट काढू नये. जयसिंह मार्गावरील वायएमसीए आणि चाणक्यपुरीतील यूथ हॉस्टेल हे पर्याय तरुण गटांना सोयीचे ठरतात. एकाच रात्रीचा प्रश्न असेल, तर रेल्वे स्थानकावरील विश्रामकक्ष कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआर क्रमांकावर आरक्षित करता येतात.

कराचे गणित

वस्तू व सेवा कराचा दर खोलीच्या दर दिवसाच्या मूल्यावर ठरतो, माणशी नव्हे. आणि गटाने प्रवास करणाऱ्यांसाठी हा फरक महत्त्वाचा आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून प्रतिदिन 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के कर लागतो. त्यापूर्वी तो 12 टक्के होता. 7,500 रुपयांहून महाग खोलीवर 18 टक्के दर कायम आहे. आता समजा, चौघांसाठी 8,000 रुपयांची एक मोठी खोली घेतली. तिच्यावर 1,440 रुपये कर धरून 9,440 रुपये होतात. त्याच हॉटेलात 4,000 रुपयांच्या दोन खोल्या घेतल्या, तर कर 400 रुपये होऊन एकूण 8,400 रुपये पडतात. दोन खोल्या, दोन स्नानगृहे, आणि वर 1,040 रुपयांची बचत. सकाळी चार जणांना एकाच वेळी आवरून निघायचे असते तेव्हा दुसऱ्या स्नानगृहाचे मोल कळते, हे वेगळेच. एक हजार रुपयांपर्यंतच्या खोल्यांवर कर नाही, असे अद्याप काही जण सांगतात. ती सवलत 18 जुलै 2022 पासून रद्द झाली आहे.

देयकात ‘सेवा शुल्क’ अशी ओळ असल्यास ती कराहून भिन्न आहे, हे ध्यानात घ्यावे. हॉटेल किंवा उपाहारगृहाने ग्राहकाच्या संमतीवाचून हे शुल्क आपोआप लावू नये, असे मार्गदर्शक निर्देश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी जारी केले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांस आधी स्थगिती दिली आणि 28 मार्च 2025 रोजी ते वैध ठरविले. ही रक्कम देयकातून वगळण्याची मागणी करण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. न ऐकल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

आरक्षणाच्या संकेतस्थळांवर ‘एकच खोली शिल्लक’ अशी लाल अक्षरे चमकत असतात. खोटी घाई निर्माण करणे, शेवटच्या पायरीवर नवे शुल्क दाखविणे, न मागितलेली सेवा टोपलीत टाकणे अशा 13 क्लृप्त्यांना 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी अनुचित ठरविले आहे. तरीही त्या दिसतात. म्हणून दर पाहून झाल्यावर थेट हॉटेलास दूरध्वनी करणे हा जुना उपाय अजूनही उत्तम आहे. मात्र दूरध्वनी क्रमांक कोठून घेतला, याची काळजी घ्यावी. हुबेहूब दिसणारी बनावट संकेतस्थळे उभारून आगाऊ रक्कम उकळण्याचे प्रकार घडतात. अशी फसवणूक झाल्यास 1930 या क्रमांकावर तत्काळ कळवावे. पैसे पुढे वळते होण्यापूर्वी ते रोखता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

फलकावरील तारे पाहून निर्णय घेऊ नये. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचे तारांकित वर्गीकरण ऐच्छिक असून ते पाच वर्षांसाठी दिले जाते. ते न घेताच ‘थ्री स्टार’ लिहिणारे फलक मुबलक आहेत.

आगीचा प्रश्न

खोली पसंत करताना बहुतेक जण चादर, गरम पाणी व वाय-फाय पाहतात. जिना कोणी पाहत नाही. 12 फेब्रुवारी 2019 रोजी पहाटे करोल बाग येथील अर्पित पॅलेस या हॉटेलास आग लागून 17 जण मृत्युमुखी पडले. माणसे झोपेत होती. मार्गिकांमध्ये लाकडी तक्तपोशी असल्याने त्या वाटेने बाहेर पडणे शक्य झाले नाही, असे अग्निशमन अधिकाऱ्यांनी त्यावेळी सांगितले होते. मृतांमध्ये कौटुंबिक लग्नासाठी केरळहून एकत्र आलेले पाहुणेही होते. कोलकात्याच्या बडाबाजार भागात 29 एप्रिल 2025 रोजी रात्री एका हॉटेलात अशीच दुर्घटना घडली. अशा आगींत ज्वाळांपेक्षा धुराने अधिक माणसे दगावतात, आणि धूर कोंडण्यास बंद खोली व एकच जिना पुरेसा असतो.

या अनुभवाच्या प्रकाशात खिडकी नसलेली खोली काही शे रुपयांनी स्वस्त मिळते म्हणून घेणे शहाणपणाचे नाही. खिडकी असली तरी ती उघडते काय, हे हाताने पाहावे. वातानुकूलनासाठी अनेक ठिकाणी ती खिळे ठोकून बंद केलेली असते. तळघरातील खोली नाकारावी. 27 जुलै 2024 रोजी जुन्या राजेंद्र नगरातील तळघरात पावसाचे पाणी शिरून तीन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. ती अभ्यासिका होती, परंतु पाणी तळघराचा उपयोग विचारीत नाही. सामान ठेवल्यावर गटातील एकाने तरी आपत्कालीन दारापर्यंत चालत जावे. दार असणे वेगळे आणि ते उघडणे वेगळे. कुलूप लावलेले किंवा गाद्या रचून अडविलेले आढळल्यास तेथेच व्यवस्थापकास बोलवावे, आणि तो हसण्यावारी नेत असेल तर अन्यत्र जावे. अग्निशमन विभागाचे प्रमाणपत्र दाखविण्याची विनंती करण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

हिवाळ्यात आणखी एक धोका संभवतो. डिसेंबर-जानेवारीत साध्या हॉटेलांत खोल्या उबदार ठेवण्याची व्यवस्था नसते. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपल्याने दिल्लीत दर हिवाळ्यात माणसे गुदमरून मरतात. जादा रजई मागावी, विजेचा हीटर मागावा. शेगडी कोणी आपुलकीने आणून दिली तरी परत पाठवावी.

ओळखपत्रे आणि नकार

गटातील प्रत्येक प्रौढाचे ओळखपत्र लागते. एकाच्या नावावर आरक्षण आहे म्हणून इतरांचे चालत नाही. पॅन कार्डावर पत्ता नसल्यामुळे हॉटेले ते स्वीकारीत नाहीत. वाहन परवाना, मतदार ओळखपत्र किंवा पारपत्र चालते. आधारची प्रत द्यावयाची असल्यास पहिले आठ अंक झाकलेले ‘मास्क्ड’ आधार उतरवून घ्यावे. गटात परदेशी पारपत्र असलेला मित्र असेल, तर त्याची माहिती शासनाला कळविणे हॉटेलवर बंधनकारक आहे. ‘फॉर्म सी’ या नावाने परिचित असलेल्या या नोंदीच्या कटकटीमुळे लहान अतिथिगृहे अशा पाहुण्यास दारातून परत पाठवितात. अमेरिकेत स्थायिक झालेला शाळासोबती बरोबर असल्यास हे आधीच विचारून घ्यावे.

दिल्लीचाच पत्ता असलेल्या पाहुण्यास किंवा मुलामुलींच्या मिश्र गटास खोली नाकारणे ही देखील येथील परिचित पद्धत आहे. अविवाहित प्रौढांनी हॉटेलात एकत्र राहण्यास मनाई करणारा कायदा नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर 2019 मध्ये स्पष्ट केले आहे. परंतु मध्यरात्री स्वागतकक्षात न्यायनिर्णयाचा उपयोग थोडाच होतो. गटाची रचना आरक्षणापूर्वी सांगून होकाराचा संदेश जपून ठेवावा, हेच सोयीचे.

तारखांचाही विचार हवा. 14 नोव्हेंबरपासून भरणारा आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा, लग्नसराई आणि प्रजासत्ताक दिनाचा आठवडा या काळात दर चढतात व तपासणी कडक होते. जानेवारीच्या धुक्यात गाड्या सहा-आठ तास उशिरा येतात. प्रस्तुत लेखकाचे चार मित्र अशाच एका धुक्याच्या रात्री सायंकाळऐवजी पहाटे दोन वाजता हॉटेलच्या दाराशी पोहोचले, तेव्हा पैसे भरलेल्या दोहोंपैकी एक खोली ‘आला नाहीत’ म्हणून दुसऱ्यास दिली गेली होती. उरलेली रात्र चौघांनी एका पलंगावर आडवे पडून काढली. गाडीला उशीर होत असल्याचे रस्त्यातून एकदा कळविले असते, तर हे टळले असते. उलटपक्षी, गाडी सकाळी आठला पोहोचत असेल आणि खोली दुपारी बारा किंवा दोनला मिळणार असेल, तर सामान ठेवण्याची सोय व लवकर प्रवेशाचे शुल्क आधी विचारावे.

स्थानकाबाहेर पडताच ‘ते हॉटेल बंद झाले’, ‘तेथे काल धाड पडली’, ‘तो रस्ता आज बंद आहे’ असे सांगणारे भेटतील. त्यांचा व्यवसाय दुसऱ्या हॉटेलात गिऱ्हाईक पोहोचविण्याचा आहे. अशा वेळी हॉटेलास स्वतःच्या भ्रमणध्वनीवरून दूरध्वनी करावा, त्या माणसाने लावून दिलेल्या क्रमांकावर बोलू नये. कोणी ‘मला हॉटेलनेच पाठविले’ असे म्हणत असेल, तर आरक्षण कोणाच्या नावावर आहे ते त्याला विचारावे. आपण आधी सांगू नये.